अळंबीचा नकाशा

मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसल्यावर हात कोणाच्या मतानं वर करायचा, आपल्या की त्याच्या? ताउनोनं हे पक्षात विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं. 

खुर्ची त्याच्या बहिणीची, तेल्लेर्वोची. फिनलंडमधल्या त्या गावात हरित पक्षाची ती एकटीच नगरसेविका. पहिल्या निवडणुकीनंतर लोक तिला हसले, दुसरीनंतर तिला सायकलींच्या समितीवर बसवलं, तिसरीनंतर घाबरायला लागले. आणि मार्चमध्ये ती गेली. पक्षाच्या यादीत तिच्याखाली एकच नाव होतं, ताउनोचं. तेही यादी भरावी म्हणून टाकलेलं. त्याला चार मतं पडली होती. नियमानं खुर्ची त्याची.

पहिल्याच सभेत अध्यक्ष कौको यांनी तळ्याकाठचं जुनं रान तोडून हॉटेल बांधायचा ठराव आणला. त्याच रानासाठी तेल्लेर्वो बारा वर्षं भांडली होती.

"तोडू देणार नाही," ताउनो ताडकन उठून म्हणाला.

"शाळा पुरी केली नाहीस आणि आम्हाला शिकवतोस होय?" अध्यक्ष म्हणाले. "बरं, आपण एकवीस जण. एकवीसही हात ठरावाविरुद्ध वर करून दाखव, माझ्यासकट. मग रान राहिलं."

सभा खिदळली. इथं खिडकी उघडण्यावरही कधी एकमत झालं नव्हतं.

ताउनोनं कोटातून कागदाची गुंडाळी काढली. "त्या रानात पिवळी अळंबी उगवते."

हसू थांबलं. त्या मुलखात माणूस आपला आजार सांगेल, पगार सांगेल, पण अळंबीची जागा पोटच्या पोरालाही सांगत नाही.

"ताई बारा वर्षं तिथं हिंडली. पहाटे कोण कुठल्या झाडामागे टोपली घेऊन वाकतं, तिला दिसलं नसेल? रान तोडायचं तर आत काय काय आहे याची नोंद हवी. आणि सभेच्या नोंदी तर गावातलं कोणीही येऊन वाचतं. उघडू?"

कोणीतरी खोकलं. मुख्याध्यापिकाबाईंचा हात वर गेला. मग औषधवाल्याचा. बघता बघता वीस झाले. अध्यक्षांनी जरा वेळ छताकडे पाहिलं आणि एकविसावा हात वर केला.

सभा उठताच त्यांनी गुंडाळी ओढून घेतली, उलगडली.

"अरे, हा कागद तर कोरा आहे."

"अध्यक्षसाहेब, ताईनं स्वतःची जागा मला मरतानासुद्धा सांगितली नाही. तुमची कशी सांगेल?"

अध्यक्ष डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "माग, काय हवं ते माग."

"रान राखायचा ठराव तिच्या नावावर लिहा."

"मयताच्या नावाला रकाना नाही," कारकून म्हणाला.

"मग आखा," अध्यक्ष म्हणाले.

ताउनोनं पेन घेतलं, ठराव मांडणारा म्हणून कारकुनानं लिहिलेलं आपलं नाव खोडलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तेल्लेर्वो.