माळावरची टिटवी

फार पूर्वी नदीकाठच्या माळावर एक टिटवी राहायची. पान हललं तरी "आता घात झाला!" म्हणून ओरडत उडायची. एका उन्हाळ्यात तिने उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घातली. एके सकाळी म्हशींचा कळप थेट तिकडेच आला. ती उडणार, तोच तिचा जोडीदार टिटवा म्हणाला, "अगं, ज्यानं ही अंडी दिली, तो का दूर गेलाय? त्याचं नाव घे आणि बसून राहा."

टिटवी उडता उडता थांबली. "देवा, तू आहेस ना," असं पुटपुटत ती अंड्यांवर पंख पसरून बसली.

पुढच्या म्हशीने खूर उचलला. खड्यांसारखी अंडी तिला दिसलीच नसती, पण टिटवी दिसली.

"अगंबाई, लेकुरवाळी बसलीय!" म्हणत ती बाजूने वळली, आणि मागचा कळपही वळला.

टिटवीच्या पोटाखाली एक अंडं आतून हळूच टकटकलं.