हिंदुरावांची पकड

"पण हात थांबणार कधी, वस्ताद?"

हिंदुराव चौगुले धापा टाकत विचारत होते. तालमीच्या कोपऱ्यात स्टँडवर पक्की बसवलेली सायकल होती, तिच्यावरून ते नुकतेच उतरले होते. उजवा हात थरथरत होता.

वस्ताद इस्माईल मुजावरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तिशीत हिंदुरावांनी याच तालमीचं नाव पंचक्रोशीत गाजवलं होतं. साठीला कंपवात जडला. चालता चालता पाऊल जमिनीला चिकटल्यागत अडायचं. घरचे फार जपू लागले. जिना चढू देईनात, भाजीची पिशवी उचलू देईनात. मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र हृदयाची तपासणी करून घेतली आणि सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, आणि चांगली दमछाक होईल असा व्यायाम करा, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. हिंदुराव थेट आपल्या जुन्या वस्तादांकडे आले.

वस्तादांचं माप एकच. पायडल मारताना पुरं वाक्य बोलता आलं, म्हणजे वेग कमी पडला. मग जरा उसंत, की परत तेच. आठवड्यातून तीन दिवस. असे चार महिने झाले.

आज मात्र हिंदुरावांचं बिनसलं होतं. काल पुतणीच्या साखरपुड्यात त्यांच्या हातून चहा सांडला, आणि चार माणसांत व्याह्यांनी कप धरून त्यांच्या तोंडाला लावला.

"घाम वाया गेला," ते म्हणाले. "उद्यापासनं मी येत न्हाई."

वस्ताद उठले. लाल मातीच्या हौद्यात उतरले आणि मधोमध फतकल मारून बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, नव्वद किलोचा देह.

"गुडघं धरल्यात. उठव मला."

दोन पैलवान धावले. वस्तादांनी नजरेनंच त्यांना मागे सारलं.

हिंदुराव काठावर घुटमळले... मग मातीत उतरले. त्यांनी वस्तादांची दोन्ही मनगटं धरली. उजव्या हाताची थरथर वस्तादांच्या दंडापर्यंत पोचत होती. हिंदुरावांनी पाय रोवले, कंबर खाली घेतली, दात आवळले.

वस्ताद उभे राहिले.

चार महिन्यांपूर्वी याच हिंदुरावांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

कितीतरी दिवसांनी हिंदुरावांची छाती पुढे आली, मान ताठ झाली. तेवढ्यात त्यांची नजर उजव्या हाताकडे गेली.

"थरथरतोयच की अजून..."

वस्तादांनी मूठभर माती उचलली आणि कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानाला चोळावी तशी त्यांच्या खांद्यांना चोळली.

"उद्या लंगोट बांधून ये."