श्वासापुरती जागा

एका नगरात राज्य करायला एकच पक्ष होता. दुसरा काढावा असं कुणाला वाटलं नसेल असं नाही, पण ज्यांना वाटलं ती माणसं पुढे कुठे दिसली नाहीत.

या पक्षाचा इतिहास दर दसऱ्याला चौकात सांगितला जाई. सांगायचा मान चिमा कथेकरणीचा. पक्ष कुणी काढला, तुरुंगात कोण गेलं, पहिला झेंडा कुणी शिवला, सगळं तिला तोंडपाठ. मात्र एखाद्यावर अध्यक्षांची खप्पामर्जी झाली, की त्याचं नाव गाळायचा हुकूम येई. त्या जागी चिमा नुसता एक श्वास घेई. लोक त्या श्वासालाही मान डोलवत. मग ज्याचं नाव गेलं, तो माणूस हळूहळू कुणाला दिसेनासा होई. मेलेला नसे बरं का. नुसता दिसत नसे.

एका वर्षी अध्यक्षांनी तिला बोलावलं. "यंदा रायबाचं नाव नको."

चिमाने हात जोडले. "साहेब, पक्षाची पहिली बैठक त्याच्याच ओसरीवर झाली. आणि तो माझा सख्खा भाऊ आहे."

"भाऊ?" अध्यक्ष पानाला चुना लावत म्हणाले. "तुला भाऊ कधी होता?"

दसऱ्याच्या सकाळी रायबा तिच्या दारात आला. "चिमे, लोकांना कुणकुण लागलीय. काल तेल आणायला गेलो, तर दुकानदार माझ्या अंगावरून पलीकडे बघतो. समोर उभा होतो गं मी. एकदाच नाव घे माझं, भर चौकात. लोकांनी ऐकलं की मी राहीन."

"घेते, दादा," ती म्हणाली. खरंच घेणार होती.

चौक गच्च भरला. रायबा अगदी पुढे उभा होता. ओसरीचा प्रसंग आला. चिमाने अध्यक्षांकडे पाहिलं. ते हसत होते. तिचे ओठ उघडले, आणि तिने श्वास घेतला.

सगळ्या माना डोलल्या. कथा पुढे गेली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी चिमाने अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, निरांजन लावलं. आणि ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. हा पाट आपण कुणासाठी मांडला, ते तिला काही केल्या आठवेना.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात गं. एवढंही ठाऊक नाही?"

"हो की," चिमा म्हणाली, आणि तिने आभाळातल्या बारीक कोरीला ओवाळलं.

तेवढ्यात रिकामा पाट करकरला. ज्योत एका अंगाला कलली. "चिमे," अगदी जवळून आवाज आला, "इकडे गं. मी इथे बसलोय."

चिमा दचकली. तिने चहूकडे पाहिलं. मग पदराआड निरांजन धरून ती लगबगीने घरात गेली, आणि तिने आतून कडी घातली.

तात्पर्य: सत्तेच्या धाकाने आपल्या माणसाचं नाव गाळलं, तर सत्तेचं काहीच जात नाही; आपलं माणूस मात्र आपल्यालाच कायमचं परकं होतं.