पहिलं पान कोणाचं?

हिंजवडीतल्या एका कंपनीत वैजयंती ढोबळे टीम लीड होती. दर दोन आठवड्यांचं काम आधी ठरवायचं आणि तेवढंच पुरं करायचं, अशी तिथली पद्धत. पण संचालक हुद्दारसाहेब ठरलेल्या दहा कामांवर आणखी दहा लादत आणि टीमचे रविवार ऑफिसात जात.

त्या सोमवारीही साहेब वीस कामांच्या चिठ्ठ्या घेऊन आले.

"यातली महत्त्वाची दहा निवडून द्या, सर," वैजयंती म्हणाली.

"सगळीच पहिल्या नंबरची आहेत," साहेब गुरगुरले. "त्यात निवडायचं काय?"

वैजयंतीनं शांतपणे विचारलं, "सर, परवा तुमच्या मुलीच्या लग्नात वीस पाहुणे 'माझंच पान पहिलं' म्हणून अडून बसले असते, तर वाढप्यानं काय केलं असतं?"

"मला विचारलं असतं. यजमान मी होतो," साहेब ऐटीत म्हणाले.

"मीही यजमानांनाच विचारतेय, सर. आणि भात दहा पानांपुरताच शिजलाय."

साहेबांनी बराच वेळ चिठ्ठ्या चाळल्या. दहा टेबलावर ठेवल्या, उरलेल्या निमूट खिशात घातल्या. त्या पंधरवड्यात दोन्ही रविवारी टीम घरी जेवली.