लाटसाहेबाची खुर्ची

न्हाई मालक, तुमचा त्यो चिटणीस मॅनेजर काय बी सांगू दे, मी पिऊन आलो न्हवतो. मला तुमच्या हाटेलाच्या बारातल्या त्या जुन्या आरामखुर्चीत घटकाभर बसायचं व्हतं, बास. त्यानं भवतीची दोरी दाखवली. "बाबा, बाजूला व्हा. इंग्रजांच्या काळात लाटसाहेब एकदा हिच्यात बसले होते. ऐतिहासिक खुर्ची आहे ही."

पावनी फोटू काढत व्हती. माजं डोस्कंच फिरलं. म्हनलं, "एकदा टेकला तर इतिहास? माजी बायकू गोजरा बावीस वर्सं हितं झाडलोट करायची. दुपारी पावनी झोपली की रोज याच खुर्चीत बसून पान खायची. मग तिचा इतिहास केवढा?"

त्यो हसला. "पुरावा आहे का काही?"

"हाय की. खुर्चीच्या हाताखालनं बोट फिरव. बोटाचा चुना ती तितंच पुसायची. तुजा लाटसाहेब पान खायचा व्हय रं?"

चिटणीस हलंना. मग एका पावन्या बाईनंच हात घातला, तर नखात चुन्याची खपली आली. समदी खो खो हसली. चिटणीसाचं त्वांड उतरलं, पर दोरी काय सोडली न्हाई. मालकांना विचारा म्हनला.

गोजरा जाऊन साल झालं, मालक. घरात ती निवांत बसल्याली मी कदी बघितलीच न्हाई. हितं लाकडं टाकाय यायचो, तवा खिडकीतनं दिसायची, पाय पसरून बसल्याली. तेवढीच.

चला उठा. सोडा ती दोरी.