अठ्ठावन्नाव्या पानावरचं उणे

"…पण चूक कुणाची, असं विचारतीलच ना, सर? मग काय सांगायचं?"

डॉ. विरूपाक्ष हिरेमठांनी हा प्रश्न गाडीत चार वेळा घोकला होता. गुरूंसमोर बसल्यावर मात्र शेवटी त्यांचा आवाज चिरकला.

सबनीस सर शेंगा सोलत होते. वय ब्याऐंशी. कान शाबूत, फक्त उत्तर द्यायची घाई नव्हती.

"कोण विचारणार?"

"जर्नलवाले. माझे विद्यार्थी. सगळेच."

एकतीस वर्षांपूर्वी या दोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला होता. विश्व प्रसरण पावतं तसतशा गुरुत्वीय लहरी किती क्षीण होतात, याचं गणित. त्याच निबंधावर हिरेमठांना डॉक्टरेट मिळाली, मग नोकरी, मग मानमरातब, आणि आता संचालकाची खुर्ची. गेल्या महिन्यात परदेशातल्या एका मुलीनं दाखवून दिलं, की एका पदाचं चिन्ह चुकलंय. उणेच्या जागी अधिक. झालं! तिथून पुढचे सगळे आकडे पालथे.

"तेव्हा असली गणितं करणारे संगणक कुणाकडे होते, सर! एवढं सगळं हातानं करायचं म्हणजे…"

"दोघांनी केलं होतं," सर म्हणाले. "वेगवेगळं."



सरांचा तो शिरस्ताच होता. मोठं गणित दोघांनी दोन खोल्यांत बसून करायचं. पुरं होईपर्यंत दुसऱ्याचा कागद बघायचा नाही. शेवटी ताडून पाहायचं, आणि जुळलं तरच निबंध धाडायचा. बाकीचे प्राध्यापक हसायचे. सबनीसांकडे पीएचडी करायची म्हणजे पुन्हा दहावीला बसायचं, म्हणायचे.

सर उठले. आतून कागदांचे दोन जुने गठ्ठे घेऊन आले आणि शेंगांची परात सरकवून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हे माझं एकसष्टावं पान. हे तुझं अठ्ठावन्नावं."

दोन्ही पानांवर तेच पद होतं. दोन्हीकडे तेच चुकीचं अधिक.

"बरोबर उत्तर दोघांचं एकच येतं, विरू. त्यात नवल नाही. पण चूक…"

सरांनी एक शेंग उचलली, सोलली.

हिरेमठांचे कान तापले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, देशोदेशी व्याख्यानं देणारा, आणि त्याला मान वर करता येईना.

"सर… माझं उणे आलं होतं."

"हं."

"तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेला होतात. खोली उघडी होती. उत्तर जुळेल की नाही, एवढंच बघायचं होतं मला. पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत होती. नाही जुळलं तर पुन्हा पहिल्यापासून दीड महिना… तुमचं अधिक बघितलं आणि माझं खोडलं. वाटलं, सर थोडेच चुकणार!"

सरांनी त्या अधिकावरून बोट फिरवलं. तिथला कागद अजून खरबरीत होता.

"इथं रबर जरा जोरात फिरवलंयस."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस झाले. आधी माझी चूक शोधत होतो. ती सापडली, मग तुझी बघितली."

"मला बोलावलं का नाहीत?"

"येशील म्हटलं."

यापेक्षा सरांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हिरेमठांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

"मी जाहीरपणे लिहीन, सर. माझं उणे होतं, मी ते खोडलं. राजीनामाही देतो."

"ते तुझं तू बघ. आधी निबंधाची दुरुस्ती पाठवायचीय. मी पुन्हा केलंय गणित. दुसरं व्हायचंय."

"दुसरं कोण करणार?"

सरांनी हिरेमठांकडे बघितलं.

"मी? …अजूनही?"

सरांनी कोरे कागद आणि एक पेन्सिल हिरेमठांच्या हातात दिली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

हिरेमठ आत गेले आणि टेबलापाशीच थबकले. सरांचं नवं गणित तिथं उघडं पडलं होतं. चाळीसेक पानं, ठसठशीत अक्षर. सगळ्यात वर शेवटचं पान, आणि त्यावर चौकटीत उत्तर. हिरेमठांनी झटकन तोंड फिरवलं.

"सर, हे कागद तेवढे उचला. कपाटात ठेवा, कुलूप लावा. माझा मलाच भरवसा नाही."

सर दारापर्यंत आले. टेबलाकडे पाहिलं, शिष्याकडे पाहिलं, आणि बाहेरून दार ओढून घेता घेता म्हणाले,

"राहू देत. माझं पुन्हा चुकलं असेल."