चिमणीएवढा मोर

एका गावात सकाळ आधी केशरी व्हायची, मग सोनेरी. पण बकुळाच्या परकरावर मात्र ठिगळावर ठिगळ. आईबाप नव्हते. पाठचा भाऊ गोंदू, त्याला जन्मापासून दिसत नसे. गजरे विकून दोघं कशीबशी पोट भरायची. बागेच्या भिंतीवर एक मोर रंगवलेला होता, निळा, हिरवा, चमचमता. रोज बकुळा सांगायची, "एवढा मोठा मोर आहे रे गोंदू!"

एकदा गोंदूने चिखलाचा मोर केला आणि ताईच्या तळहातावर ठेवला. बघते तर काय, चिमणीएवढा! बकुळाच्या काळजात चर्र झालं. 'एवढा मोठा' म्हणताना ती दोन्ही हात पसरून दाखवायची. ते गोंदूला दिसणार कसं, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. वेडी गं वेडी! ती भिंतीशी बसून मुसमुसू लागली.

एक टिपूस जाईच्या कळीवर पडलं. कळी टचकन उमलली आणि आतून इवल्या इवल्या रुपेरी पंखांची, बोटभर परी निघाली. म्हणाली, एक इच्छा माग, स्वतःसाठी नाहीतर या भिंतीसाठी, पण भिंतीला काही दिलं तर तिचे रंग जातील. बकुळा दचकली. तिला नवा परकर हवा होता, आणि ते रंग म्हणजे तर तिचा जीव की प्राण. पण मुठीत चिखलाचा मोर होता ना.

"मोर बोटांना कळू दे," ती म्हणाली.

झालं! भिंत थरथरली, पीसन् पीस फुगून वर आलं आणि रंग भुर्रकन उडाले. पांढरीफटक भिंत पाहून गावाचे डोळेच पांढरे झाले. बागेच्या माळीकाकांनी कपाळावर हात मारला. जो तो बकुळाला बोल लावू लागला.

गोंदूने मात्र चोचीवर हात ठेवला. मग मान, मग पाठ, मग पिसारा. चालतोय, चालतोय, पिसारा सरेना. तो हबकून उभाच राहिला.

"ताई, हा संपतच नाही गं. इतका मोठा?"

बोल लावणारे पुढे सरकले. आणि काय सांगावं, त्याची बोटं फिरली तिथं तिथं निळाई उमटली होती! माळीकाकांनी डोळे मिटून हात लावला, तिथं हिरवं उमटलं. मग सारं गावच डोळे मिटून भिंतीशी आलं.

परी गोड हसली आणि लख्ख उजेडात विरून गेली. गोंदूच्या गालांना ऊब लागली. तो ताईला बिलगला आणि त्याची बोटं थबकली. ठिगळं कुठं गेली? परकरावर मऊ रेशमी टाके होते.

"ताई, तुझ्या परकरावर पण मोर आहे," तो म्हणाला. "चिमणीएवढा."